तमिळ सिनेमा आणि त्याची गाणी : मराठी रसिकांचे नेहमीचे प्रश्न

हिंदी डबिंगमधून, रीलमधून किंवा शेजारच्या तमिळ कुटुंबाकडून या गाण्यांची गोडी लागते आणि मग पुढे कुठे जायचं ते कळत नाही. अशा वेळी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

तमिळचा एक शब्दही येत नाही. तरी गाणी भिडतील का?

भिडतील, पण सुरुवात शब्दांपासून करू नका. चाल, वाद्यमेळ आणि आवाज या तीन गोष्टींना भाषा लागत नाही. गाण्याचा सांगाडा तुमच्या ओळखीचाच आहे. ध्रुवपदाला पल्लवी म्हणतात, अंतऱ्याला चरणम्. काही गाण्यांत दोहोंच्या मध्ये अनुपल्लवी येते. गाण्याआधी वाद्यांचा एक तुकडा आणि दोन चरणांच्या आधी एकेक तुकडा असतो. आपण अशा वेळी पुढची ओळ कधी येते याची वाट पाहतो. तमिळ गाण्यात मात्र, निदान 1976 मध्ये संगीतकार इलयाराजा आल्यानंतरच्या, खरी श्रीमंती पुष्कळदा याच तुकड्यांत असते.

शब्द नंतर घ्या. दहा-बारा शब्द कळले तरी अर्धं गाणं उलगडतं : कादल म्हणजे प्रेम, निला चंद्र, वानम् आकाश, काट्रु वारा, मळै पाऊस, पू फूल, कण् डोळा, नेंजम् हृदय, उयिर् जीव, कनवु स्वप्न, मौनम् तर आपलंच.

इतकी गाणी आहेत! सुरुवात कुठून करावी?

नट किंवा चित्रपट धरू नका, संगीतकार धरा. कोणाची चाल कशी वळते हे कानाला कळलं की पुढचं आपोआप सापडतं.

आधीच्या काळासाठी एम. एस. विश्वनाथन आणि टी. के. राममूर्ती. ही जोडी 1965 मध्ये वेगळी झाली, त्यानंतर विश्वनाथन एकटेच संगीत देत राहिले. कण्णदासन यांचे शब्द, टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला यांचे आवाज हा त्या काळाचा गाभा. एमजीआर आणि शिवाजी गणेशन या दोन्ही नायकांसाठी सौंदरराजनच गायचे आणि दोघांसाठी आवाजाची ठेवण बदलायचे. दोघांची एकेक गाणी पाठोपाठ लावून ऐका, फरक लगेच कळतो. शास्त्रीय बाजाची आवड असेल तर के. व्ही. महादेवन यांच्याकडे जा.

इलयाराजा 1976 मध्ये ‘अन्नक्किळी’मधून आले. गावाकडची चाल, कर्नाटक राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची स्वरलेखनाची शिस्त हे सगळं एकाच गाण्यात सांधलं जाऊ शकतं, हे त्यांनी दाखवलं. आमच्या मते नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा आणि तोही 1978 ते 1992 या काळाला.

ए. आर. रहमान 1992 मध्ये ‘रोजा’मधून आले. त्यांच्या गाण्यात ध्वनीचे थर असतात. पहिल्या ऐकण्यात निम्मे हाती लागतच नाहीत. त्यापुढे हॅरिस जयराज, युवन शंकर राजा, जी. व्ही. प्रकाश कुमार, संतोष नारायणन, अनिरुद्ध, गोविंद वसंता. यांच्यात क्रम लावत बसू नका, मिळेल तसं ऐका.

इलयाराजांची थोरवी सगळे सांगतात. नेमकं काय ऐकायचं?

एकच गाणं घ्या आणि तीनदा ऐका. त्यासाठी ‘मूडुपनी’ (1980) मधलं येसुदास यांनी गायलेलं ‘एन् इनिय पोन् निलावे’ उत्तम आहे. हा इलयाराजांचा शंभरावा चित्रपट.

पहिल्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त बेस गिटार ऐका. ती नुसता षड्ज धरून ठेवत नाही. चालीच्या खालून स्वतःची वेगळी चाल बांधत जाते, कधी गायकाच्या उलट दिशेने सरकते. दुसऱ्यांदा वाद्यांचे तुकडे ऐका : कोणतं वाद्य प्रश्न टाकतं आणि कोणतं उत्तर देतं. पहिल्या आणि दुसऱ्या चरणाआधीचे तुकडे ताडून पाहा. त्यांच्या बहुतेक गाण्यांत हे दोन तुकडे निराळे असतात, आणि दुसरा तुकडा अनेकदा वेगळ्याच मुलखातून फिरून अगदी सहज चरणावर उतरतो. आता तिसऱ्यांदा आवाज ऐका. तोच आवाज आता वेगळा वाटेल, कारण तो कशावर उभा आहे हे तुम्हाला माहीत झालेलं असतं.

हे मोबाइलच्या स्पीकरवर जमणार नाही. तो छोटा स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खालचे स्वर नीट काढत नाही आणि बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे गाण्याचा पायाच कापला जातो. साधे तारेचे इअरफोन पुरतात, महागडे नकोत. मात्र फोनच्या सेटिंगमधलं ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. त्याने खालचे सगळे स्वर एकसारखे धुमतात आणि बेसची चाल पुसली जाते.

शास्त्रीय संगीत थोडं कळतं. कर्नाटक राग ओळखता येतील का?

बरेचसे येतील. मोहनम् म्हणजे आपला भूप, कल्याणी म्हणजे यमनच्या स्वरांचा राग, हिंदोळम् म्हणजे मालकंस, आभेरी भीमपलासच्या जवळचा, मायामाळवगौळ म्हणजे भैरव थाटाचे स्वर, शंकराभरणम् म्हणजे बिलावल थाटाचे. चारुकेशी, कीरवाणी, हंसध्वनी हे तर दक्षिणेतूनच आपल्याकडे आले.

कान बसवायला या जोड्या लावा. ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. त्यानंतर 1944 च्या ‘हरिदास’मधलं एम. के. त्यागराज भागवतर यांचं ‘मन्मद लीलै’ ऐका, तोही चारुकेशीच. बालगंधर्वांचं ‘नाथ हा माझा’ यमनमधलं, त्याच्या शेजारी ‘दळपती’ (1991) मधलं ‘सुंदरी कण्णाल्’ ठेवा, ते कल्याणीत आहे. ‘इंद्रायणी काठी’ या भीमपलासातल्या अभंगापाठोपाठ ‘कोंजुम् सलंगै’ (1962) मधलं ‘सिंगारवेलने देवा’ लावा. त्यात एस. जानकी यांचा आवाज आणि कारुकुरिची अरुणाचलम् यांचं नादस्वरम् (सनईच्या जातीचं दक्षिणेकडचं वाद्य) यांचा सवालजवाब आहे. नादस्वरम् ज्या वेगाने तान घेतं त्याच वेगाने गळा मागून येतो आणि एकही स्वर सांडत नाही.

यात हमखास एक चूक होते. स्वर सारखे म्हणून राग सारखा, असं धरून चालल्यावर तमिळ गाणं ‘बेसूर’ वाटायला लागतं. कर्नाटक पद्धतीत स्वर सरळ उभा राहत नाही, तो हलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून येतो. या हलण्याला गमक म्हणतात. आपण मालकंसात जिथे शांतपणे ठेहराव घेतो, तिथे हिंदोळम् डोलत असतो. शिवाय सिनेमाचं गाणं शुद्ध रागदारी असेलच असं नाही, चरणात परका स्वर बेधडक येतो. उलट काही वेळा संगीतकार स्वतःवरच कडक बंधन घालतो : ‘सिंधुभैरवी’ (1985) मधलं ‘कलैवाणिये’ हे सबंध गाणं फक्त कल्याणीच्या आरोहात बांधलं आहे. सगळे स्वर वर चढतात, कुठेही क्रमाने खाली उतरत नाहीत. हे माहीत करून घेऊन ऐका.

ही धून हिंदीत ऐकली आहे. मूळ कोणतं?

तीन प्रकार असतात, ते वेगळे ओळखायला हवेत.

एक, डबिंग. ‘रोजा’ आणि ‘बॉम्बे’ मूळ तमिळ. चाल तीच, हिंदी शब्द ओठांच्या हालचालीवर बसवलेले. ‘दिल है छोटा सा’ ऐकलं असेल तर मूळ ‘चिन्न चिन्न आसै’ ऐका. दोन्ही मिन्मिनी यांनीच गायलं आहे, पण वैरमुत्तु यांच्या मूळ शब्दांवर चाल जास्त मोकळी चालते.

दोन, त्याच मंडळींनी हिंदीत पुन्हा केलेला चित्रपट. ‘मूंड्राम् पिरै’ (1982) वरून 1983 मध्ये त्याच दिग्दर्शकाने, कमल हासन आणि श्रीदेवी यांनाच घेऊन ‘सदमा’ केला. तमिळमधलं ‘कण्णे कलैमाने’ हे कण्णदासन यांचं शेवटचं गीत मानलं जातं. ‘ज़रा ज़रा’चं मूळ ‘वसीगरा’, चित्रपट ‘मिन्नले’ (2001). संगीतकार आणि गायिका दोन्हीकडे तेच : हॅरिस जयराज आणि बॉम्बे जयश्री.

तीन, चाल उचलून दुसऱ्याच संगीतकाराच्या नावावर आलेली. ‘नीले नीले अंबर पर’ची चाल ‘पयणंगळ् मुडिवदिल्लै’ (1982) मधल्या ‘इळय निला’ची. इथे मूळ ऐकाच. गिटार आणि बासरीचं विणकाम हिंदीत निम्मंही आलेलं नाही.

गाणं शोधलं की सापडत नाही, नावं निरनिराळी दिसतात. का?

तमिळ लिपीत क आणि ग ला एकच अक्षर, त आणि द ला एकच, प आणि ब लाही एकच. त्यामुळे इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येक जण कानाला पटेल तसं लिहितो. ‘कादल’ तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडेल. इंग्रजीत ‘झेड-एच’ दिसलं की तो झ नव्हे, ळ च्या जवळचा तमिळ उच्चार समजा. ‘टी-एच’ म्हणजे त, थ किंवा द.

म्हणून गाण्याच्या ओळीवर विसंबू नका. चित्रपटाचं नाव, वर्ष आणि संगीतकार अशी तिन्ही टाका. वर्ष टाकणं गरजेचं, कारण जुन्या चित्रपटाचं नाव नव्याला देण्याची तिकडे मोठी प्रथा आहे. ते जमलं नाही तर गायकाच्या नावासह ‘हिट्स’ शोधा आणि यादीत खाली उतरा.

एकच गाणं दोन ठिकाणी वेगळं का ऐकू येतं?

बहुतेक वेळा चार कारणांपैकी एक असतं. कॉपीराइटची यंत्रणा चुकवायला वेग किंचित वाढवलेला असतो. सहा टक्के वेग वाढला तरी काळी एकचं गाणं अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये जातं आणि आवाज कोवळा वाटतो. दुसरं, जुन्या मोनो ध्वनिमुद्रणावर कृत्रिम घुमारा चढवून ‘सराउंड’ म्हणून टाकलेलं असतं. त्यात तबला-मृदंगाची थाप पसरट होते. तिसरं, मूळ गायक नसून दुसऱ्याने पुन्हा गायलेलं असतं आणि ते वर्णनात शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं. चौथं कारण मात्र रास्त : चित्रपटातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं मुळातच वेगळं असू शकतं, पडद्यावर एखादं चरण गाळलेलं असतं. हक्क असलेल्या संगीत कंपनीच्या अधिकृत वाहिनीवरचंच ऐका आणि चित्रपटातलं दृश्य वेगळं पाहा.

डब केलेला पाहावा की सबटायटल्ससह?

सबटायटल्ससह. याबद्दल आम्हाला शंका नाही. डबिंगमध्ये बोलीचा फरक पूर्ण नाहीसा होतो. मदुरैकडची, कोइंबतूरकडच्या कोंगू भागातली, तिरुनेलवेलीची आणि चेन्नईच्या वस्त्यांमधली तमिळ एकमेकींपासून वऱ्हाडी, मालवणी आणि पुणेरीइतकी लांब आहे. पात्र कुठलं, कोणत्या थरातलं, हे तमिळ प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात कळतं. सबटायटलमध्येही ते येत नाही, पण आवाजाचा हेल तरी तुमच्या कानी पडतो.

गाण्यांच्या वेळी सबटायटल्स अनेकदा गायब होतात. ती गाणी नंतर अर्थासह वेगळी ऐका. टीव्हीवरच्या हिंदी आवृत्त्यांत तर काही गाणी सरळ कापलेली असतात, त्यावरून चित्रपटाचं मत बनवू नका.

कोणते चित्रपट आधी पाहावेत?

तुमच्या आवडीवर आहे. संगीतासाठी पाहणार असाल तर ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (1968). नादस्वरम् वाजवणारा कलावंत आणि नर्तकी यांच्यातली चुरस. पडद्यावर शिवाजी गणेशन आणि पद्मिनी, प्रत्यक्ष वादन सेतुरामन-पोन्नुसामी बंधूंचं. शिवाजींच्या गालांचा फुगवटा, मानेच्या शिरा आणि छिद्रांवरची बोटं बघा, वाद्य दुसऱ्याचं आहे हे विसरायला होतं.

मुंबईशी नातं सांगणारा ‘नायकन’ (1987) बघाच. त्यातली धारावी चेन्नईत उभारलेली आहे आणि कलादिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक तोट्टा तरणी यांना मिळालं. ‘काला’ (2018) सुद्धा धारावीचाच, त्यात रजनीकांत यांच्यासमोर नाना पाटेकर आहेत. ‘फँड्री’ ज्यांच्या मनात घर करून आहे त्यांनी ‘परियेरुम् पेरुमाळ्’ (2018) पाहावा. तिरुनेलवेलीच्या लॉ कॉलेजातल्या मुलाची आणि जातीच्या दाहाची ती गोष्ट आहे. मुलांसोबत ‘काक्का मुट्टै’ : पिझ्झा खायचाच, असं ठरवलेल्या चेन्नईच्या झोपडपट्टीतल्या दोन भावांची. ‘विसारणै’ मुलांसमोर लावू नका, त्यात पोलीस कोठडीतली मारहाण फार जवळून दाखवली आहे.

‘96’ (2018) घाईने पाहू नका. त्यातली नायिका एस. जानकी यांची जुनी गाणी गाते आणि कथेचा भार त्या गाण्यांवर आहे. आधी ‘दळपती’मधलं ‘यमुनै आट्रिले’ आणि जानकींची पाच-सहा गाणी कानावरून जाऊ द्या. तसं केलं नाही तर चित्रपट संथ वाटतो.

प्रेमगीतात नायिका नायकाला ‘मामा’ का म्हणते?

तमिळनाडूत मामा-भाचीचं आणि आते-मामेभावंडांचं लग्न अनेक समाजांत चालत आलं आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत होती, तिथे खुद्द मामाही वर होऊ शकतो. म्हणून लोकगीताच्या बाजाच्या गाण्यात ‘मामा’, ‘मच्चान’ ही प्रियकराला मारलेली हाक असते. मित्र एकमेकांनाही ‘मच्चान’, ‘मच्ची’ म्हणतात. तिथे सबटायटल ‘मेहुणा’ म्हणत असेल तर सोडून द्या.

गीतांत डोंगर, समुद्र, वाळवंट इतकं का येतं?

यामागे सुमारे दोन हजार वर्षांची काव्यपरंपरा आहे. संगम काव्यात पाच भूप्रदेश आणि त्यांना जोडलेले प्रेमाचे पाच भाव ठरलेले आहेत : कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे मीलन, मुल्लै म्हणजे रान-कुरण, तिथे धीराने वाट पाहणं, मरुदम् म्हणजे शेतशिवार, तिथे रुसवा, नेय्दल् म्हणजे समुद्रकाठ, तिथे विरहाची तगमग, पालै म्हणजे रखरखाट, तिथे ताटातूट. आजचा गीतकार हे नियम पाळतोच असं नाही, पण ती भाषा त्याच्या हाताशी असते. ‘इरुवर’ (1997) मधल्या ‘नरुमुगये’त वैरमुत्तु यांनी ‘कुरुंदोगै’ या संग्रहातल्या कवितेची ओळच घेतली आहे. तुझी आई आणि माझी आई एकमेकींच्या कोण, असं विचारणारी ती कविता, लाल मातीत पावसाचं पाणी मिसळावं तशी आपली मनं मिसळली, या उपमेपाशी पोचते.

‘कुत्तु’ म्हणजे काय? आणि ‘गाना’?

कुत्तु म्हणजे नाचायला लावणारा, बहुधा सहाच्या वजनातला वेगवान ठेका. गाना ही उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधली गायकी. मरणाच्या घरी, नाक्यावर गायल्या जाणाऱ्या या गाण्यांत थट्टा आणि तत्त्वज्ञान एकत्र नांदतं. संगीतकार देवा यांनी ती सिनेमात रुळवली, पुढे संतोष नारायणन यांनी ‘अट्टकत्ती’ (2012) पासून तिला नवा साज दिला.

या ठेक्यांचा प्राण परै. आपली हलगी माहीत असेल तर परै लगेच ओळखू येईल : लाकडी कड्यावर ताणलेलं चामडं, हाती एक लांब बारीक काडी आणि एक आखूड जाड. वाजवण्याआधी आगीवर शेकून चामडं ताणतात, नाहीतर आवाज बद्द येतो. हलगीसारखाच परैलाही जातीचा इतिहास चिकटलेला आहे. आज अनेक तरुण गट ती अभिमानाने शिकतात.

मराठी कलाकारांचा काही संबंध आहे का?

चांगलाच आहे. लताबाईंनी एस. पी. बालसुब्रमण्यम् यांच्यासोबत ‘सत्या’ (1988) मध्ये ‘वळैयोसै’ गायलं, आशाबाईंनी ‘शेणबगमे’ आणि रहमान यांच्याकडे ‘सेप्टेंबर मादम्’. दाभोळच्या साधना सरगम यांना ‘अळगी’ मधल्या ‘पाट्टु सोल्ली’साठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सयाजी शिंदे ‘भारती’ (2000) मध्ये महाकवी सुब्रमण्य भारती झाले. रजनीकांत बेंगळूरुच्या मराठी घरातले, मूळ नाव शिवाजीराव गायकवाड.

थिएटरमध्ये पाहायचा असेल तर?

मुंबईत माटुंगा, सायन, वडाळा, चेंबूर या पट्ट्यात तमिळ खेळ लागतात. माटुंग्याचं अरोरा तर रजनीकांतच्या चित्रपटाच्या पहिल्या दिवसासाठी प्रसिद्ध. मोठे चित्रपट पोंगलला, 14 एप्रिलच्या सुमारास तमिळ नववर्षाला आणि दिवाळीला येतात. तमिळ दिवाळी म्हणजे आपली नरकचतुर्दशी, तेव्हा तारीख पाहताना लक्ष्मीपूजन धरू नका. तिकीट काढताना भाषा ‘तमिळ’ आहे ना आणि इंग्रजी सबटायटल्स लिहिली आहेत ना, दोन्ही तपासा. त्याच नावाचा हिंदी डब शेजारच्याच पडद्यावर असतो. संवाद नीट ऐकायचे असतील तर पहिल्या दिवशीचा पहिला खेळ टाळा. शिट्ट्या, कागदाची उधळण आणि आरडाओरडा यांतून निम्मं ऐकूच येत नाही. जल्लोष अनुभवायचा असेल तर मात्र तोच गाठा.

गाणं म्हणायचं आहे. उच्चार कसे बसवायचे?

इंग्रजी अक्षरांतल्या शब्दांवरून कधीच नाही. गाणं ऐकत ओळ-ओळ देवनागरीत उतरवा. ढोबळ नियम असा : शब्दाच्या सुरुवातीला आणि द्वित्तात (क्क, त्त, प्प) क, त, प कठोर, दोन स्वरांच्या मध्ये किंवा अनुनासिकानंतर ते मृदू होऊन ग, द, ब होतात. संस्कृतातून आलेल्या शब्दांना हा नियम लागतोच असं नाही, तिथे गायकाचं ऐका.

मराठी माणसाला ळ आणि ण उपजत येतात, ही मोठी सोय आहे. तीन ठिकाणी मात्र अडतं. जोडव्यंजनावर थांबावं लागतं. ‘अम्मा’तला म् पुरता धरला नाही तर मात्रा चुकते आणि ओळ ठेक्याच्या पुढे पळते. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, आपण सगळेच दीर्घ म्हणतो. आणि ‘मळै’मधला तो खास उच्चार : जिभेचं टोक मागे वळवा, पण टाळूला लावू नका, तसंच ठेवून आवाज सोडा. जीभ टाळूला लागली की साधा ळ होतो. एस. जानकी किंवा चित्रा यांची संथ गाणी घ्या, वेग पाऊणपट करा आणि रोज दोनच ओळी बसवा.